कृत्तिका किती लांब? प्रकाशवर्ष, पार्सेक, खगोलीय एकक – नेमकं कुठलं धरायचं?

अबोली_शिरोडा (शनिवार, रात्री 10:42)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली त्याच आठवड्यातली गोष्ट, लाईट गेली होती म्हणून आम्ही सगळे अंगणात बसलेलो, आणि पाऊस गेल्यावर पहिल्यांदाच आकाश इतकं स्वच्छ दिसत होतं. आठवीतली लेक पूर्वेला बोट दाखवून म्हणाली, आई तो बारीक चांदण्यांचा पुंजका कसला? मी म्हटलं कृत्तिका. लगेच पुढचा प्रश्न, किती लांब आहे?

मोबाईलवर बघितलं. एका अ‍ॅपवर 391 प्रकाशवर्षं, दुसऱ्यावर 444 प्रकाशवर्षं, तिसरीकडे 136 पार्सेक. किलोमीटरमध्ये शोधलं तर 42 आणि त्याच्यावर 14 शून्यं! शेजारचे काका म्हणाले प्रकाशवर्ष हा काळ असतो, अंतर नव्हे. लेकीनं सगळं वहीत लिहून ठेवलंय आणि रोज विचारते, यातलं खरं कुठलं.

तर कुणीतरी नीट समजावून सांगा. एकाच गोष्टीसाठी तीन-तीन मापं का? आणि एकाच मापात दोन आकडे कसे?

सांगेकर (शनिवार, रात्री 11:15)

ताई, आधी काकांचा मुद्दा. प्रकाशवर्ष हे अंतरच आहे. प्रकाश एका वर्षात जेवढा लांब जातो तेवढं अंतर. प्रकाशाचा वेग सेकंदाला 2,99,792.458 किलोमीटर, वर्ष धरायचं 365.25 दिवसांचं, गुणाकार केला की साधारण 9.46 लाख कोटी किलोमीटर येतात.

आपण रोज असंच तर बोलतो. पणजीहून मडगाव किती लांब विचारलं तर कोण 33 किलोमीटर सांगतो? पाऊण तास म्हणतात. फक्त आपल्या पाऊण तासाचा भरवसा नसतो, नवीन झुआरी पूल व्हायच्या आधी कुठ्ठाळीला अडकलो की त्याचाच दीड तास व्हायचा. प्रकाशाचं तसं नाही, पोकळीत त्याचा वेग कुणासाठीही कधीही तोच, म्हणून त्याच्या वेळेवर माप बेतता येतं. आपला मीटरसुद्धा 1983 पासून प्रकाशाच्या वेगावरूनच ठरवलेला आहे.

चंद्र 3,84,400 किलोमीटर, म्हणजे 1.28 प्रकाशसेकंद. सूर्य 8 मिनिटं 19 सेकंद. 1977 साली सोडलेलं व्हॉयेजर 1 आता जवळजवळ एका प्रकाशदिवसावर पोचलंय, म्हणजे इथून हाक मारली की उत्तर यायला दोन दिवस. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी 4.24 प्रकाशवर्षं.

माटोळी (शनिवार, रात्री 11:31)

मला मनापासून वाटतं की किलोमीटर सोडून बाकी सगळी मापं काढून टाकावीत. सगळ्या जगानं मीटर स्वीकारला ना? मग शास्त्रज्ञांनीच तीन वेगळी मापं ठेवायची आणि शाळेतल्या पोरांनी पाठ करायची, हे बरोबर वाटत नाही. आकडा मोठा आहे तर मोठा लिहा.

पेडण्याचे_आजोबा (रविवार, सकाळी 6:20)

माटोळी, मोठा आकडा लिहायला आपल्याकडे शब्द आहेत हो. लहानपणी वडिलांनी घोकून घेतलेली भास्कराचार्यांची यादी अजून पाठ आहे, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक शब्द आधीच्याच्या दसपट. त्या हिशेबानं एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ महापद्म किलोमीटर, एक पार्सेक तीन शंकूंच्या जरा वर, आणि आमच्या अबोलीबायच्या लेकीची कृत्तिका सव्वाचार अंत्य किलोमीटर.

पण ही यादी परार्धाला संपते, एकावर 17 शून्यं. आणि आपल्या आकाशगंगेचा मध्य सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर, म्हणजे अडीच परार्ध किलोमीटर. आपल्या स्वतःच्या आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जाईतो शेवटच्या शब्दाशी येऊन पोचलो, देवयानी ही शेजारची आकाशगंगा तर त्याच्याही कितीतरी पलीकडे. तेव्हा किलोमीटर घेऊन फार लांब जाता येत नाही असं माझं मत.

मोठ्या कामाला मोठं माप हे जुनंच. आर्यभटानं पृथ्वीचा व्यास 1050 योजनं दिला, आणि योजन म्हणजे 8000 पुरुष उंची. भात आपण खंडीनं आणि कुडवानं मोजायचो, सोनं तोळ्यानं. खंडीभर भात तोळ्यात कुणी सांगत नव्हतं.

खाजनबांद (रविवार, सकाळी 9:05)

आजोबा, यादी वाचून फार आनंद झाला, उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार. मी गणित शिकवतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

मोठ्या अंतराला मोठं माप हे खरंच, पण माझ्या मते तेवढंच कारण नाही. ही मापं सोयीसाठी नंतर बसून ठरवलेली नाहीत. ज्या रीतीनं ते अंतर मोजलं गेलं त्या रीतीतूनच ती निघालीत. हे पोरांना सांगितलं की पाठ करायला लागत नाही.

खगोलीय एकक घ्या. सूर्य ते पृथ्वी हे सरासरी अंतर म्हणजे एक. केपलरनं 1619 मध्ये तिसरा नियम मांडला, ग्रहाला सूर्याभोवती फिरायला किती वर्षं लागतात त्या आकड्याचा वर्ग बरोबर अंतराचा घन. गुरूला 11.86 वर्षं लागतात, वर्ग करा, घनमूळ काढा, 5.2 येतं. म्हणजे गुरू सूर्यापासून आपल्या 5.2 पट लांब. शनी साडेनऊ पट. अख्ख्या सूर्यमालेचा नकाशा तयार, पण नकाशावर स्केलच नाही! एक पट म्हणजे किती कोस हे कुणालाच माहीत नव्हतं. आता अशा वेळी माणूस काय करणार, त्या एक पटीलाच माप धरणार. किलोमीटरचा आकडा माहीतच नव्हता म्हणून हे माप आलं, लिहायला जड जातो म्हणून नव्हे.

तो आकडा शोधायला मग किती वर्षं गेली बघा. 1672 मध्ये रिशे हा खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, त्याचा सहकारी कॅसिनी पॅरिसमध्ये थांबला, दोघांनी एकाच सुमाराला मंगळ पाहिला, दोन जागांवरून तो ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर किंचित वेगवेगळ्या ठिकाणी दिसला आणि त्यावरून सूर्याचं अंतर आजच्या मापात साधारण 14 कोटी किलोमीटर निघालं. खरं 14.96 कोटी. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी, शिडाच्या जहाजानं जाऊन! 1961 मध्ये शुक्रावर रडार मारून ते पक्कं झालं आणि 2012 मध्ये बीजिंगच्या आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या बैठकीत आकडा कायमचा ठरवून टाकला, 149,59,78,70,700 मीटर. आता ते मोजायचं माप राहिलं नाही, व्याख्याच झाली.

दर्यावर्दी_वास्को (रविवार, दुपारी 1:48)

मास्तर, तुम्ही शिडाचं जहाज काढलंत, आता मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तीस वर्षं बोटीवर काढली मी.

सूर्याचं अंतर शोधायची दुसरी रीत म्हणजे शुक्र सूर्यासमोरून जाताना पृथ्वीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बघायचं आणि वेळा जुळवायच्या. हॅलीनं 1716 मध्ये सांगून ठेवलं होतं, स्वतः तो योग येईपर्यंत जगणार नाही हे माहीत असून. योग आला 1761 मध्ये आणि परत 1769 मध्ये. त्यासाठी ल जांतिल नावाचा फ्रेंच माणूस 1760 मध्ये घरातून निघाला, जायचं होतं पाँडिचेरीला. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर माहेजवळ बोट पोचली तेव्हा कळलं की माहे आणि पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलंय. बोट मागे फिरली. 6 जून 1761 ला शुक्र सूर्यावरून गेला तेव्हा हा भर समुद्रात, हलत्या डेकवर. त्यानं शुक्र बघितला, पण हलत्या बोटीवर अचूक वेळ आणि जागा धरता येत नाही, त्या नोंदीचा उपयोग शून्य.

मग तो इकडेच थांबला. आठ वर्षं! पाँडिचेरी परत फ्रेंचांकडे आली, तिथे त्यानं वेधशाळा बांधली. जून 1769 चा तो दिवस उजाडला आणि नेमकं त्याच वेळी ढग आले. 1771 मध्ये पॅरिसला पोचला तर लोकांनी त्याला मेलेला धरून विज्ञान अकादमीतली जागा दुसऱ्याला दिलेली, मालमत्तेवर वारसांचा डोळा. 11 वर्षं गेली एका आकड्यासाठी. मी भर पावसाळ्यात वॉच केलेत, जून महिन्यात या समुद्रावर आकाश कसं असतं ते मला माहीत आहे. त्या माणसाची आठवण आली की अजून गलबलतं. 2012 च्या जूनमध्ये शुक्र परत सूर्यावरून गेला, मी पहाटेपासून सव्वादहापर्यंत टेकडीवर ढगांकडे बघत उभा होतो, दिसला नाही. पुढचा डिसेंबर 2117 मध्ये.

आणि अबोलीताई, वेगवेगळ्या कामाला वेगळं माप का, हे आमच्या मच्छीमारांना विचारा. पाण्याची खोली वावात, दोन्ही हात पसरून दोर धरला की एक वाव. पण बंदर किती लांब ते सागरी मैलात. सागरी मैल 1852 मीटरचा, हा विचित्र आकडा कुठून आला? तर पृथ्वीच्या परिघावर एक कला, अंशाचा साठावा भाग. नकाशावर अक्षांशाच्या कला मोजल्या की मैल आपोआप मिळतात. कोनातून निघालेलं माप आहे ते.

खाजनबांद (रविवार, दुपारी 3:10)

दर्यावर्दी, काय सुंदर धागा दिलात हातात! सागरी मैल कलेतून निघतो, पार्सेक विकलेतून. अंश, कला, विकला हे शब्द पंचांग बघणाऱ्यांना नवे नाहीत. 60 विकलांची कला, 60 कलांचा अंश. म्हणजे विकला हा अंशाचा 3600 वा भाग.

आधी अनुभव घ्या. हाताचा अंगठा समोर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. हाच पराशय, इंग्रजीत पॅरलॅक्स. मी पोरांना खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावर नेतो. बांधावर 20 मीटर अंतरानं दोन खुंट्या मारायच्या, समोर शेतापलीकडे एक माड, त्याच्या मागे लांबवर डोंगरावरचा टॉवर. एका खुंटीवरून माड टॉवरच्या रेषेत येतो, दुसऱ्या खुंटीवरून बाजूला सरकलेला दिसतो. गेल्या वर्षी पोरांनी कोनमापकावर 4 अंश मोजले, गणित केलं, 286 मीटर आलं. मग टेप घेऊन चिखलातून गेली सगळी, 279 भरलं. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मला शब्दांत सांगता येत नाही.

ताऱ्यांसाठी 20 मीटरच्या जागी पृथ्वीची कक्षा घ्यायची. आज बघायचं, सहा महिन्यांनी परत बघायचं, तेवढ्यात आपण सूर्याच्या पलीकडच्या बाजूला, दोन खगोलीय एककं सरकलेलो. जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांपुढे किंचित हलतो. जेवढा हलला त्याचं अर्धं धरायचं (इथे पोरं हमखास चुकतात, पाया एकच एकक धरायचा, दोन नव्हे), त्या अर्ध्यालाच ताऱ्याचा पराशय म्हणतात, आणि तो जर एक विकला भरला तर तो तारा एक पार्सेकवर. म्हणजे 2,06,265 खगोलीय एककं, म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं. नावच पॅरलॅक्स आणि सेकंद जोडून झालंय, 1913 मध्ये टर्नर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं सुचवलं.

यातली गंमत हिशेबात आहे. पराशय अर्धी विकला असला तर 2 पार्सेक, दहावा भाग असला तर 10 पार्सेक. एकाला कोनानं भागा, झालं. प्रॉक्झिमाचा पराशय 0.768 विकला, 1 भागिले 0.768 म्हणजे 1.30 पार्सेक. म्हणून जे मोजतात ते पार्सेक वापरतात, जे सांगतात ते प्रकाशवर्ष.

माटोळी (रविवार, संध्याकाळी 5:52)

शेवटचं वाक्य वाचून माझं मत थोडं बदललं, मोकळेपणानं सांगतो. पण एक विकला म्हणजे किती बारीक? डोळ्यांसमोर काहीच येत नाही.

सांगेकर (रविवार, संध्याकाळी 6:30)

10 रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. ते साडेपाच किलोमीटरवर धरलं की एक विकला दिसतं. म्हणजे पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि दोनापावलाला कुणीतरी नाणं धरायचं. आणि एकाही ताऱ्याचा पराशय, अगदी प्रॉक्झिमाचासुद्धा, तेवढा नाही! म्हणून तर दुर्बीण आल्यावरही दोनशेहून जास्त वर्षं कुणाला जमलं नाही. 1838 मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या 61 सिग्नी या ताऱ्याचा पराशय 0.314 विकला मोजला, आजचा आकडा 0.286. दगडी वेधशाळेत बसून, कॅमेरा नाही काही नाही, डोळ्यानं.

आता अंतराचा अंदाज यावा म्हणून एक नकाशा. एक खगोलीय एकक म्हणजे एक मीटर धरा. सूर्य अळसांद्याच्या दाण्याएवढा, 9 मिलिमीटर, तो मिरामारच्या वाळूवर ठेवा. पृथ्वी एक मीटरवर, पण रांगोळीच्या कणापेक्षा बारीक, दिसणारच नाही. चंद्र तिच्यापासून अडीच मिलिमीटर. माणूस जास्तीत जास्त लांब गेला तो एवढाच, अडीच मिलिमीटर. गुरू 5.2 मीटरवर, नेपच्यून 30 मीटरवर, व्हॉयेजर 170 मीटरच्या आसपास, अजून किनाऱ्यावरच. एक प्रकाशवर्ष 63 किलोमीटर, सरळ रेषेत काणकोणच्या जरा पुढे. आणि पुढचा दाणा, प्रॉक्झिमा, 268 किलोमीटरवर, उडुपीच्याही पलीकडे. मध्ये सगळं रिकामं. या नकाशात प्रकाश सेकंदाला फक्त 2 मिलिमीटर सरकतो. मी पहिल्यांदा हे कागदावर केलं त्या रात्री झोप आली नाही.

पेडण्याचे_आजोबा (रविवार, रात्री 8:15)

फार छान. व्याध 8.6 प्रकाशवर्षं, श्रवण 17, अभिजित 25, रोहिणी 65, अगस्ती 310. अगस्ती आपल्याकडे दक्षिणेला समुद्राच्या बाजूनं छान वर येतो, तो पाहताना आता 310 हा आकडा मनात येईल. त्याचा जो उजेड आज डोळ्यात पडतो तो निघाला तेव्हा तिसवाडी आणि साष्टी पोर्तुगीजांकडे होती आणि आमचं पेडणं अजून सावंतवाडीच्या भोसल्यांकडे. हे पार्सेकमध्ये सांगितलं असतं तर मला असं काही सुचलं नसतं. म्हणून प्रकाशवर्ष मला जवळचं वाटतं, मास्तरांनी राग मानू नये.

खाजनबांद (रविवार, रात्री 8:40)

राग कसला आजोबा, मीही घरी प्रकाशवर्षच बोलतो.

अबोली_शिरोडा (सोमवार, सकाळी 7:30)

सगळ्यांना देव बरें करूं. लेकीनं शाळेत जाण्याआधी सगळं वाचलं, ल जांतिलचं तर दोनदा. पण तिचा मूळ प्रश्न तसाच आहे, 391 की 444?

सांगेकर (सोमवार, दुपारी 12:20)

हा प्रश्न खरंच भारी आहे, कारण यावर खगोलशास्त्रज्ञच वीसेक वर्षं भांडले. युरोपचा हिप्पार्कस उपग्रह 1989 ते 1993 मध्ये वरून पराशय मोजत होता. त्याच्या मोजणीतून कृत्तिका सुमारे 120 पार्सेकवर आली, म्हणजे 391 प्रकाशवर्षं. पण ताऱ्यांच्या तेजावरून आणि इतर रीतींनी काढलं की 133-136 पार्सेक येत होतं. हिप्पार्कस खरा मानला तर कृत्तिकेतले तारे असायला हवेत त्यापेक्षा मंद ठरत होते, म्हणजे ताऱ्यांचं गणितच बदलायची वेळ. मग 2014 मध्ये रेडिओ दुर्बिणी जोडून मोजलं, 136. आणि 2013 च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या गाया उपग्रहानंही साधारण 136 च दिलं. गाया चांगल्या तेजस्वी ताऱ्यांचा पराशय विकलेच्या 2-3 लाखांश भागाच्या अचूकतेनं मोजायचा, आणि मंद तारे धरून एकूण जवळजवळ दीडशे कोटी तारे त्यानं मोजलेत. 2025 मध्ये तो बंद केला, पण डेटा अजून यायचाय.

म्हणजे 391 वालं अ‍ॅप जुन्या आकड्यावर चाललंय. 444 धरा.

माटोळी (सोमवार, दुपारी 2:05)

एक शेवटची शंका. विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं म्हणतात, आणि दिसणाऱ्या विश्वाची कड 4600 कोटी प्रकाशवर्षांवर. प्रकाशाला वेळ कमी पडत नाही का?

खाजनबांद (सोमवार, दुपारी 4:30)

प्रकाश चालत असताना मधली जागाच ताणली जातेय. तो जिथून निघाला ती जागा आता खूप लांब गेली. त्यामुळे तेवढ्या लांब गेल्यावर प्रकाशवर्ष म्हटलं तरी कुठलं अंतर, प्रकाश चालला ते की आत्ताचं, हे सांगावं लागतं. म्हणून तिथे अंतर न सांगता ताम्रसृतीच सांगतात, प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली तो आकडा. तिथेही परत तेच, जे मोजलं तेच माप. यावर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.

अबोली_शिरोडा (सोमवार, रात्री 9:50)

आज परत अंगणात बसलो होतो, कृत्तिका वर आलेली. लेकीनं वहीत स्वतः गणित केलंय ते जसंच्या तसं लिहिते.

नाणं साडेपाच किलोमीटरवर एक विकला. कृत्तिका 136 पार्सेक, म्हणजे तिचा पराशय विकलेचा 136 वा भाग. म्हणजे नाणं 136 पट लांब न्यायचं. तिनं सांगेकरांच्या 27 मिलिमीटरवरून परत काढलं, 5.57 गुणिले 136, 757 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून बघितलं तर पणजीहून चेन्नईच्या जरा पुढे. चेन्नईत धरलेलं 10 रुपयांचं नाणं इथून जेवढं दिसेल तेवढाच कृत्तिकेचा पराशय, आणि कुणीतरी तो मोजला.

मी विचारलं प्रकाशवर्षात का नाही केलंस, तर म्हणाली त्यात आधी 3.26 नं भागावं लागतं, पार्सेकला नुसतं गुणायचं. खाजनबांद सर, तुमच्या बांधावर पुढच्या वेळी पोरांना न्याल तेव्हा हिला आणू का? कोनमापक तिच्याकडे आहे.

खाजनबांद (सोमवार, रात्री 10:02)

जरूर आणा ताई. पुढच्या रविवारी सकाळी, ओहोटी बघून वेळ कळवतो. चिखलातून जायचं आहे, जुने कपडे घाला म्हणावं.